दुसरं काडतूस

"कावळे? ते माझ्यावर सोडा हो!"

डॉक्टर उपेंद्रने ह्यूईला हे छाती पुढे काढून सांगितलं, तेव्हा त्याने उभ्या आयुष्यात नेम धरून फक्त जत्रेतले फुगे फोडले होते. तेही बारातले चार!

पण बोलून बसला. वॉर्डात दिवसभर लोकांना धीर द्यायची सवय, त्यामुळे जीभ मेंदूच्या पुढे धावायची. आणि ह्यूईला धीर देणं त्याला भागच होतं, कारण म्हाताऱ्याचा धीर त्यानेच काढून घेतला होता.

आयर्लंडच्या डोनेगॉल परगण्यात, लेटरकेनीच्या हॉस्पिटलपासून दहा-बारा किलोमीटरवर उपेंद्रचं घर, आणि घराच्या कुंपणाला लागून ह्यूईचं कुरण. ह्यूई अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बायको गेलेली, चाळीस मेंढ्या आणि एक किटली एवढाच संसार. ऑक्टोबरात त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. नेमका उपेंद्रच्याच वॉर्डात. मग उपेंद्रलाच सांगावं लागलं, "ह्यूई, आता गाडी नाही, आणि बंदूकही नाही."

गाडीचं म्हाताऱ्याने सोडून दिलं. त्याने फक्त विचारलं, "मग मार्चमध्ये कावळ्यांचं काय, डॉक?"

तिकडचे कावळे म्हणजे अंगात करडी बंडी घातल्यासारखे दिसतात. दिसायला सभ्य, पण जात महाबिलंदर! मेंढी व्यायली की कोकरू पायावर उभं राहायच्या आत येऊन त्याचे डोळे काढतात. जीव जातो तो नंतर, सावकाश. ह्यूई दर मार्चला पहाटे बंदूक घेऊन बांधावर बसायचा, म्हणून त्याची कोकरं वाचायची. आता बसणार कोण? त्यात दूर नास नावाच्या शहरात राहणाऱ्या त्याच्या मुलीने, नोराने, बजावून ठेवलं होतं, "यंदाची कोकरं हाती लागली तर ठीक, नाहीतर मेंढ्या विकायच्या आणि माझ्याकडे यायचं." नासमध्ये म्हणजे गालिचा घातलेल्या खोलीत, टीव्हीसमोर. ह्यूईने ते असं सांगितलं, जणू तिथे जायला फुलं टाकूनच न्यावं लागतं.

"मी आहे ना!" उपेंद्र म्हणाला. झालं!

परवान्याचे कागद सरकेपर्यंत उपेंद्रने बंदुकांचा अभ्यास केला. एमडीला केला नसेल एवढा! लॅपटॉपवर तक्ता, तक्त्यात सतरा रकाने, शेजारी लोकांची मतं. पद्मजा चहाचा कप ठेवून म्हणाली, "मिक्सर घेताना याच्या निम्मा विचार केला असतास तर तीन मिक्सर जळले नसते."

"अगं, हे बघ! सेमी-ऑटोमॅटिक! खालून डबी लावायची, डबीत तीन काडतुसं. एकदा चाप ओढला की रिकामं टरफल बाहेर, दुसरं काडतूस आपलं आपण आत. हात लावायला नको! आणि किंमत म्हणशील तर दुकानातली सगळ्यात स्वस्त!"

"तीनच का?"

"कायदा आहे इथला."

लेटरकेनीच्या दुकानदाराने त्याला हळूच एक जुनी, दोन नळ्यांची दुनळी बंदूक दाखवली होती. "ही बघा, डॉक. तुमच्या शेजाऱ्याचीच. ह्यूईने ऑक्टोबरात परत केली. चाळीस वर्षांत एकदा अडकली नाही."

"जुनी आहे हो. आणि दोनच गोळ्या!" उपेंद्र म्हणाला आणि नवी कोरी घेऊन आला. दोनापेक्षा तीन जास्त, एवढं गणित त्याला येत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी बंदूक घरी आली तेव्हा उपेंद्रचे वडील, मोरेश्वरराव, नागपूरहून येऊन महिना झाला होता. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलेला माणूस. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, आणि हुकूम असा की घरातलं हीटिंग पंचवीसच्या खाली यायचं नाही. त्यांची खोबरेलाची बाटली मुक्कामाला रेडिएटरवर. इतर कुठे ठेवली की तिचा दगड व्हायचा.

"काहून रे, कावळे मारतो तू?" बाबा गरजले. "पितर असतात ना ते! तुझ्या मायच्या पिंडाले कावळा दोन घंटे शिवला नव्हता, इसरला काय?"

"बाबा, हे इथले कावळे आहेत. आपले पितर व्हिसाशिवाय डोनेगॉलपर्यंत येतील का?"

"तुले काय मालूम!" बाबा म्हणाले. पण घरात नवीन यंत्र आलेलं, आणि यंत्राची पूजा नाही म्हणजे काय! बंदूक पाटावर ठेवली गेली. हळद-कुंकू वाहिलं, सुपरमार्केटातलं पिवळं फूल ठेवलं, दारात नारळ फुटला. नवी गाडी घेतली तेव्हा लिंबं चिरडली होती, ती पद्धत पद्मजाने आठवणीने विचारली आणि बाबांनी ती बंदुकीला लागू होत नसल्याचा निर्णय दिला. एवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. उपेंद्र दहा मिनिटं वरच्या खोलीत बोलत होता. खाली आला तो बंदूक पुसून लख्ख, बाबा प्रसन्न! त्याने ती उचलून गॅरेजमधल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केली.

मार्च उजाडला. पहिली मेंढी व्यायली. पहाटे सव्वासहाला, जेमतेम तीन डिग्रीत, उपेंद्र बांधावर दबा धरून बसला. आठला ड्यूटी. मागे काठी टेकून ह्यूई.

दोन कावळे उतरले. उपेंद्रने चाप ओढला. धाड! कावळे हातभर उडाले, उपेंद्र खांदा धरून मागे आला, आणि नेम कुठे गेला ते विचारू नये. पण हरकत नाही, म्हणूनच तर सेमी-ऑटोमॅटिक! त्याने पुन्हा चाप ओढला.

काही नाही!

काडतूस आत ढकलणारा बोल्ट अर्ध्यावर अडकलेला, आणि टरफल खिडकीत बोट चेमटल्यासारखं. उपेंद्रने खटपट केली, डबी काढली, घातली, पुन्हा काढली. कावळ्यांनी तेवढ्यात परत उतरून आपलं काम उरकलं.

"हाड! हाड!" उपेंद्र बंदूक खाली ठेवून धावला. उशीर झाला होता. कोकरू उभं होतं आणि भिंतीकडे तोंड करून ओरडत होतं.

"माझं चुकलं, ह्यूई."

"नवी आहे, डॉक. रुळेल," ह्यूई म्हणाला. त्याने डाव्या हाताने कोकरू काखेत घेतलं आणि शेडकडे गेला.

संध्याकाळी उपेंद्रने बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली. यूट्यूब लावलं. बोल्ट मागे ओढला, सुळकन मागे गेला. सोडला, सुळकन पुढे आला. रिकामी नकली काडतुसं भरून पाहिली. खट, खट, खट! लोण्यासारखी चालली.

दुसऱ्या पहाटे पुन्हा अडकली.

शनिवारी त्याने ती उबदार गाडीत घालून दुकानात नेली. दुकानदाराच्या पायाशी हीटर धगधगत होता. त्याने तीनदा चालवून दाखवली. खट, खट, खट! मग उपेंद्रकडे अशा नजरेने पाहिलं की डॉक्टरने शरमेने मान खाली घातली. "नव्या बंदुकीला सुरुवातीला जड काडतुसं लागतात, डॉक. मग ग्रँड!" ग्रँड म्हणजे तिकडचं 'झकास'.

जड काडतुसं आणली. खांदा काळानिळा झाला, बाकी फरक शून्य. डबी बदलून आणली. एका माणसाने व्हिडिओत सांगितलं म्हणून आतली स्प्रिंग ताणली, दुसऱ्याने सांगितलं म्हणून परत आवळली. उपेंद्र ओपीडीत पेशंटची छाती तपासताना मनात बोल्ट तपासत होता. एकाला त्याने "खोल श्वास घ्या आणि हळू सोडा, जोरात सोडलात तर अडकेल," असंही सांगितलं म्हणे!

हसू नका. कुरणात हसण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या आठवड्यात तीन कोकरं गेली. दुसऱ्यात पाच. उपेंद्र असेपर्यंत ओरडून, धावून तो कावळे हाकलायचा. साडेसातला त्याची गाडी निघाली की ते तारेवरून शिस्तीत खाली उतरायचे. ह्यूई एका हाताने पत्र्याचा डबा बडवत उभा राहायचा. कावळ्यांना काय, ते दुसऱ्या टोकाला जायचे.

"दुनळीच घेतली असतीस तर?" पद्मजाने एकदा विचारलं.

उपेंद्र जेवणावरून उठला. त्याला झोप लागत नव्हती. ज्या माणसाचा हात गेल्याचं त्याने कोऱ्या चेहऱ्याने सांगितलं, त्याला त्याने स्वतःचा हात देऊ केला होता, आणि तो हात हा असा!

तिसऱ्या रविवारी घराच्या मागच्या टाकीतलं हीटिंगचं तेल संपलं. दोन महिने रात्रंदिवस पंचवीस डिग्री, दुसरं काय होणार! तेलाची गाडी मंगळवारी येणार होती. बाबा तीन स्वेटर चढवून बसले होते, त्यातला तिसरा उपेंद्रचा होता. उपेंद्र गारठलेल्या स्वयंपाकघरात बंदूक घेऊन बसला. बोल्ट ओढला.

हलेना!

"अरे! आज घरात पण अडकली!"

"माह्याही बाटलीचा दगड झाला बाप्पा," बाबा रेडिएटरवरची बाटली हलवत कुरकुरले. "डोक्याले लावू काय आता?"

उपेंद्रने बाटलीकडे पाहिलं. मग बोल्टच्या फटीत टॉर्च मारला. आत पांढरं, मेणासारखं काहीतरी थापलेलं होतं. नखाने खरवडलं, नाकाशी नेलं. लहानपणी शाळेत जाताना आई डोक्याला थापायची तो वास!

"बाबा! याला तेल कोणी घातलं?"

"मी! पूजेच्या दिवशी! त्या फ्याक्टरीवाल्यानं दोन थेंब टाकले होते, कंजूस! मी पुसून मस्त भरलं. यंत्राले तेल लागते बापू, मी तीस वर्सं..."

"अकरा कोकरं गेली, बाबा!"

 बाटली हळूच टेबलावर ठेवून बाबा खिडकीशी गेले. तिथून कुरण दिसत होतं. "मले वाटलं, तुले मदत होईन," एवढंच म्हणाले. उपेंद्रला वाटलं आपण ओरडायला नको होतं. पण ओरडून झालं होतं.

मग उकळत्या पाण्याची पातेली झाली, साबण झाला, जुने टूथब्रश झाले. सांध्यासांध्यातून खोबरेल निघालं, आणि त्याबरोबर लाल अक्षतांचे चार दाणेही. नीट कोरडी करून, बंदुकीचं खास तेल मोजून दोन थेंब! उपेंद्रने ती गॅरेजच्या थंडीत तासभर ठेवली आणि तिथेच उभं राहून चालवली. खट, खट, खट! त्याने पद्मजाला हाक मारली, बाबांना हाक मारली. "आता उद्या बघा! एकेकाला सरळ करतो! उरलेल्या सगळ्या मेंढ्या व्यायच्यात अजून, निम्मा कळप बाकी आहे!" तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो दोन पोळ्या जास्त जेवला.

सोमवारी पहाटे भुरभुर पाऊस होता. उपेंद्र सहालाच निघाला. बांधावर ह्यूई नव्हता. खालच्या खोलगट जागी तो गुडघ्यावर बसलेला दिसला.

त्याच्यापुढे एक पोटुशी मेंढी उताणी पडली होती, चारही पाय वर. भरल्या पोटाची मेंढी एकदा पाठीवर पडली की तिला आपलं आपण उठता येत नाही. कोणीतरी कूस बदलून द्यावी लागते. ह्यूईने तिच्या लोकरीत डावा हात गुंतवला होता. ओढून ओढून त्याची बोटं लाल झाली होती. एका हाताने किती ओढणार!

उपेंद्रने धावत जाऊन तिला कुशीवर केलं. मग तिचा चेहरा दिसला. कावळे आधीच येऊन गेले होते. दोन्ही डोळे नव्हते. मागच्या बाजूलाही काही शिल्लक ठेवलं नव्हतं. ती जिवंत होती, एवढंच.

"गुरांचा डॉक्टर? व्हेट?" उपेंद्रने विचारलं.

"फोन केला. डोंगरापलीकडे आहे. दोन तास." ह्यूईने तिच्या कपाळावरून हात फिरवला. "हिच्या आईपासून माझ्याकडेच आहेत. एवढा वेळ अशी तडफडत नाही ठेवायची, डॉक. तुझ्याकडे बंदूक आहे."

उपेंद्रने बंदुकीकडे पाहिलं. "ती... ती अडकते, ह्यूई."

"बघ तरी."

कुठे लावायची ते ह्यूईने बोट ठेवून दाखवलं आणि तो उठून बाजूला झाला. उपेंद्रने डबी बसवली, बोल्ट सोडला. वीस वर्षं माणसं वाचवण्यात गेलेला हा माणूस आता नळी एका मेंढीच्या डोक्याला लावत होता. आणि मंडळी, तीन आठवडे ज्याने देवाकडे एकच मागणं मागितलं, त्याने त्या क्षणी मनापासून नवस बोलला, की अडकू दे! आज एकदा अडकू दे! व्हेटला येऊ दे!

त्याने चाप ओढला.

धाड!

झाडांवरचे, तारांवरचे, भिंतीवरचे सगळे कावळे एकदम उठले आणि डोंगराकडे गेले. टरफल झोकात बाहेर उडून गवतात पडलं. बोल्ट मागे गेला, सुळकन पुढे आला, आणि दुसरं काडतूस आपलं आपण नळीत चढलं. हात लावायला लागला नाही. ज्या दुसऱ्या काडतुसासाठी त्याने एवढा जीव काढला, ते तयार होऊन बसलं होतं, आणि त्याला काही काम उरलं नव्हतं.

उपेंद्रने ते काढून खिशात टाकलं. 

ह्यूईने टोपी काढली, झटकली, परत घातली. मग खिशातून फोन काढून पुढे केला. "मुलीचा, नोराचा नंबर लावून दे, डॉक. या हाताने मला जमत नाही."

"ह्यूई, अजून निम्मा कळप व्यायचाय. आता मी रोज..."

"लाव."

उपेंद्रने नंबर लावला. पावसाचं पाणी पडद्यावरून पुसून पुन्हा लावला. तिकडे घंटा वाजत होती. म्हातारा मेंढीकडे बघत नव्हता, उपेंद्रकडेही नाही. पण शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी बोलायला हवं, हे तिथली माणसं कधी विसरत नाहीत.

"ग्रँड चालते की रे आता," ह्यूई म्हणाला.

"हो," उपेंद्र म्हणाला, आणि फोन त्याच्या कानाला धरून उभा राहिला.