खाचरातलं विमान

उत्रोलीच्या सिद्धनाथची पिठाची गिरणी गुरुवारी बंद असे, कारण गुरुवारी लाईट नसे. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून हायवेवरच्या एखाद्या शोरूममध्ये जाई आणि नवी गाडी चालवून बघे. घ्यायची कधीच नसे. नव्या गाडीचं दार लागतानाचा आवाज ऐकला की त्याला आठवडाभर बरं वाटे, एवढंच. पण अलीकडे शोरूमवाले त्याला ओळखायला लागले होते. एका ठिकाणी तर पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणून जूनमधल्या त्या गुरुवारी शिवऱ्याजवळच्या नव्या शोरूममध्ये जाताना त्याने बायकोला, मोहिनीला, बरोबर घेतलं. बायको असली की गिऱ्हाईक खरं वाटतं.

तिथे शेफाली नावाची मुलगी नुकतीच कामाला लागली होती. सिद्धनाथने गाडीखाली वाकून, बॉनेट उघडून, स्टेपनी दाबून तिचा जीव मेटाकुटीला आणला. मग म्हणाला, "जरा खराब रस्त्याला घेऊ. चांगल्या रस्त्यावर काय, हातगाडी पण पळती."

खराब रस्ता म्हणजे त्याच्या गावचा. नव्या गाडीत गावाने आपल्याला बघावं, ही खरी गोष्ट. मोहिनी पुढे बसली, शेफाली मागे जीव मुठीत धरून.

उत्रोलीच्या वळणावर गाड्या खोळंबल्या होत्या. पुढे लांबलचक ट्रेलरवर विमान होतं. जुनं, रंग उडालेलं, पंख कापून बाजूला बांधलेलं. भाटघरच्या संपतशेठनी ते भंगारात घेतलं होतं. धरणाकाठी ठेवायचं, आत टेबलं टाकायची आणि लोकांना विमानात बसवून मटण खायला घालायचं, असा त्यांचा बेत. पण वळणावर विमानाचं शेपूट लाईटच्या खांबाला अडकलं होतं.

सिद्धनाथचा जीव गाड्यांवर होता तसाच जुन्या विमानांवरही. मोबाईलवर विमानं बघण्याच्या नादात त्याने एकदा सरपंचांचे गहू मिरचीच्या जात्यात दळले होते. त्याने गाडी बांधाला चिकटवून उभी केली, किल्ली खिशात टाकली आणि उतरून तरातरा पुढे गेला.

नवीकोरी गाडी, इस्त्रीचा शर्ट आणि गाडीत गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलगी. खोळंबलेल्या परगावच्या लोकांना वाटलं, विमानाच्या कंपनीचे साहेब आले. ट्रेलरचा ड्रायव्हर ज्ञानू म्हणाला, "साहेब, आता तुमीच सांगा."

सिद्धनाथला आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं.

"मागं घेऊ नकोस," तो म्हणाला. "शेपूट मोडंल. असलं शेपूट आता बनत न्हाई. डावीकडं खाचरात उतर आन् वळणापल्याड वर काढ."

"खाचर कुणाचं हाय?" ट्रेलरबरोबर आलेल्या संपतशेठनी विचारलं.

"आमचंच."

"रुतायचं न्हाई ना?"

"वरवर ओल हाय. खाली मुरूम लागतोय."

खाली काय लागतं ते मोहिनीला माहीत होतं, कारण शेत तीच बघे. त्या खाचरात तिने भाताची रोपं टाकली होती. ती गाडीतून काच बडवत होती. किल्लीशिवाय काच उतरेना आणि बांधामुळे दार उघडेना. बायको कौतुकाने बघतेय असं वाटून सिद्धनाथने तिला हात केला.

ट्रेलर खाचरात उतरला, रोपांवरून गेला आणि मधोमध जाऊन बसला. चाकं दिसेनाशी झाली. रस्ता मात्र मोकळा झाला. एसटीच्या कंडक्टरने जाता जाता सिद्धनाथला नमस्कार केला.

तेवढ्यात शेफालीला मॅनेजरचा फोन आला. "सर, गाडीला काही नाही झालं. पुढे विमान अडकलं होतं... नाही सर, एअरपोर्टला नाही गेलो, उत्रोलीत आहे... हो सर, शुद्धीत आहे."

ड्रायव्हरच्या सीटवरून पलीकडे सरकत, साडी सावरत मोहिनी एकदाची बाहेर पडली. तिने विमान बघितलं, रोपं बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं.

"मुरूम लागला का?" तिने विचारलं.

सिद्धनाथ इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडायला लागला.

क्रेनवाला आला, पण चिखल बघून त्याने काठावरूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. विमान खाचरातच खाली सरकवलं, तेव्हा कसाबसा रिकामा ट्रेलर निघाला; विमान राहिलं. "दिवाळी झाली, वावर वाळलं की नेतो," संपतशेठ म्हणाले.

"न्या," मोहिनी म्हणाली. "पर रोपं तुमी आणायची, आन् लावणीला माणसं तुमची."

म्हणून त्या वर्षी सिद्धनाथच्या खाचरात संपतशेठच्या हॉटेलातल्या वेटरांनी भात लावलं. त्यांच्या रांगेत गुडघाभर चिखलात सिद्धनाथही होता. तो त्यांना विमानाचं इंजिन समजावून सांगायला लागला की बांधावरून मोहिनी म्हणे, "तोंड ऱ्हाऊ द्या, हात चालवा."

दिवाळी झाल्यावर संपतशेठ क्रेन घेऊन हजर झाले. जमीन टणक झाली होती.

"वहिनी, विमान न्यायला आलोय."

"न्या की," मोहिनी म्हणाली. "आत भात हाय, तेवढं उतरवून घ्या."

संपतशेठनी गोल खिडकीतून आत बघितलं. मग पुढच्या खिडकीतून, मग त्याच्या पुढच्या. पोती छताला टेकली होती.

"एवढं पिकलं तुमाला?"

"आमचं थोडंच हाय," सिद्धनाथ म्हणाला. "ह्याच्यात उंदीर शिरत न्हाई म्हटल्यावर शेजारच्यांनी ठेवलं. मग आळीनं ठेवलं. आता निम्मं गाव हाय आत."

"बरं, दार उघडा. माझी माणसं उतरवतील."

"कुलूप जाईबाईंचं हाय," मोहिनी म्हणाली. "पलीकडच्या घरच्या. भांडणं नकोत म्हणून गावानं किल्ली त्यांच्याकडं दिली."

"मग बोलवा त्यांना."

"त्या लेकीकडं गेल्यात, वेल्ह्याला. बाळंतपणाला. किल्ली कमरेलाच असती त्यांच्या."

 संपतशेठनी हळूच विचारलं, "झाली का मोकळी?"

"अजून दिवस कुठं भरल्यात," मोहिनी म्हणाली. "आन् पैली खेप हाय. त्यावर सव्वा महिना तर धराच. चहा टाकू का?"

संपतशेठनी क्रेनवाल्याकडे बघितलं. तो विमानाच्या सावलीत, चपला उशाला घेऊन कधीच आडवा झाला होता.