ढाल वळली काय?

रस्त्यात कुणी मागून हाक मारली तर सुधाकरभाऊ वळत नसे. "समोर ये अन् बोल," म्हणायचा. "मागून आलेल्या गोष्टीले ढाल चालत नाही."

हे वेड त्याला एका खेळातून लागलं. वणीच्या एका जिनिंगमध्ये आम्ही तिघं कामाला. तो इलेक्ट्रिशियन, मी वजनकाट्यावर, राठोड गाठी बांधायच्या प्रेसवर. कापसाची ती वाईट वर्षं. गाड्या येत नसत, मशिनी अर्धा दिवस बंद. अशात भाऊनं नागपूरच्या रद्दीतून एक इंग्रजी पुस्तक आणलं. प्रत्येकानं एक योद्धा व्हायचं, फासे टाकायचे आणि भाऊ सांगेल त्या जंगलात लढायचं. बाण कुणाला कुठून लागतो, तो नियम नेमका अर्ध्या फाटलेल्या पानावर होता. उरलेला अर्धा भाऊनं स्वतः लावला.

सोड्याच्या बाटल्यांची बुचं हे आमचे योद्धे. प्रत्येकावर नेलपॉलिशनं नाक काढलेलं. नाकाच्या बाजूनं बाण आला तर ढाल वाचवते, पाठीमागून आला तर मेलाच.

राठोडनं एकदा वाद घातला. "मी पळता पळता मान वळवली ना!"

"मान वळली. ढाल वळली काय?"

मिटेना. मग भाऊनं राठोडच्या हातात डब्याचं झाकण दिलं, त्याला आवारात पळवलं आणि मागून सरकीच्या मुठी फेकायला लागला. तेवढ्यात शेठजी आले.

"काय चालू हाये हे?"

"शेठजी, याच्या पाठीले बाण लागते का नाही, ते पाहून राह्यलो."

शेठजींनी राठोडच्या पाठीवरची सरकी बराच वेळ न्याहाळली. "लागते," म्हणाले, अन् गेले.

नियम पक्का झाला.

पुढच्या हंगामात प्रेस सुरूच झाली नाही. राठोड बायकोपोरांना तांड्यावर ठेवून सुरतेला निघाला. जायच्या आदल्या दिवशी भाऊच्या घरी डाव मांडला. शेवटी दरोडेखोराचा बाण सुटला. राठोडच्या बुचाचं नाक सरळ उलट्या दिशेला, मला इथून दिसत होतं.

"मेलो म्हना," राठोड हळूच म्हणाला.

भाऊ टेबलावर वाकला. वाकूनच राहिला.

"फिरला होता. ढालीले लागला."

"भाऊ, पन नाक..." मी म्हणालो.

"मी पाह्यलं म्हनतो ना! राठोड आला का पुढचा डाव इथूनच."

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो. भाऊ एकटा राहायचा. घरात टेबल एकच. त्यावर बुचं तशीच, धुळीचा कण नाही. भाऊ खाली जमिनीवर ताट घेऊन जेवत होता.

"बस," तो म्हणाला. "खालीच बस."