सासऱ्यांची गिटार आणि आमचे उंदीर

आमच्या घरात उंदीर झाले आहेत, हा शोध माझा. (या घरातले बहुतेक शोध माझेच असतात. निस्तरण्याचं खातं बायकोकडे आहे.) खरं तर त्या दिवशी मी सासऱ्यांच्या गिटारवरची फक्त धूळ पुसायची ठरवली होती. हातात फडकं होतं, मनात सद्भावना होती. फडक्यावरच थांबलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आधी सासऱ्यांबद्दल सांगतो. हा माणूस आयुष्यभर हाताने बास गिटार करत आला. बास म्हणजे चार जाड तारांची, विजेवर वाजणारी ती गिटार, जी वाजत असताना तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि थांबली की सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांसाठी त्यांनी कितीतरी केल्या, मोडलेल्या जोडून दिल्या. स्वतःसाठी एकच केली. सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ सासऱ्यांचे कान गेले. कानातली बारीक हाडं धरली आहेत, उरलंसुरलं ऐकू येतंय तेही हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मशीन लावलं की कानात शिट्या वाजायच्या, म्हणून ते ड्रॉवरमध्ये गेलं. मग सासरे आमच्याकडे राहायला आले, आणि त्यांचं बोलणंच बंद झालं. जेवण झालं की आपल्या खोलीत जायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे, गिटार उराशी, मान खाली. दारातून फक्त पाठ दिसायची.

"रडतात ते," बायको म्हणायची. "आईच्या आठवणीने. आत जाऊ नका."

आम्ही जात नव्हतो. वायर न जोडलेल्या बासचा आवाज शेजारी बसलेल्यालाही धड येत नाही, तिथे ठार बहिऱ्या माणसाला काय येणार! नुसती बोटं फिरवत असतील, असं मी धरून चाललो होतो.

ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्या मेहुणीकडे गेले, तेव्हा मी फडकं घेऊन खोलीत शिरलो. गिटार जवळून पाहिली आणि जीव कळवळला. तारांखालचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा तुकडा, तिरका बसलेला. लाकडात मोठी गाठ. मागच्या बाजूला एक भोक, ज्याचा कशाशीच संबंध नव्हता. आणि बॉडीचं वरचं टोक शिंगासारखं पुढे आलेलं असतं, त्यावर दातांच्या खोल खुणा.

"उंदीर!" मी ओरडलो.

बायको ओल्या हातांनी धावत आली. "कुठे?"

"आत्ता नाही. येऊन गेलेत. हे बघ, कुरतडलंय."

"धान्याच्या डब्यांना तोंड लावलं नाही आणि गिटार खाल्ली?"

"आवड असते एकेकाची."

"अहो, तुम्ही हात लावू नका तिला. बाबांना विचारू आधी."

"ऐकू कुठे येतं त्यांना? विचारणार कसं?" (हा मुद्दा मला त्या वेळी अगदी बिनतोड वाटला होता.)

आता, माझा या कामातला अधिकार काय, असं कुणी विचारेल. व्हिडिओ बघून बघून मी स्वतः गॅलरीत एक बास करायला घेतलेली आहे. तिची नेक, म्हणजे लांब मान, अशी काही वाकली आहे की बायको तिच्यावर टॉवेल वाळत घालते. पण उत्साहाला काय कमी! मी तारा काढल्या, पॉलिश पेपर घेतला आणि बॉडी घासून काढली. पिकअप सरळ केला. भोक, भेगा, दातांच्या खुणा, जिथे जिथे खड्डा दिसला तिथे पुट्टी भरली. वरून चकचकीत पॉलिशचे थर दिले. उंदरांनी पुन्हा तोंड घालू नये म्हणून शिंगाला कडेने रबराची पट्टी चिकटवली आणि त्या पट्टीवर उंदीर पळवायचं कडू औषध ब्रशने लावलं. तारा पुन्हा चढवून गिटार भिंतीला टेकवली आणि बायकोला हाक मारली.

तिने गिटार उलटी करून पाहिली. "मागचं भोक कुठे गेलं?"

"बुजवलं. शोधूनही सापडणार नाही."

ती पलंगावर बसली. "ते माझं होतं."

"म्हणजे?"

"बाबा गिरमिट फिरवत होते, तेवढ्यात निरोप आला, मुलगी झाली म्हणून. हात सुटला. आई कितीदा म्हणाली, बुजवून टाका. नाही बुजवलं त्यांनी. लहानपणी माझं बोट आत घालून दाखवायचे, ही तू आलीस तेव्हाची खूण म्हणून."

मी बायकोचा जन्म पुट्टीने बुजवला होता आणि वर पॉलिश मारलं होतं. सॉरी म्हणालो. तिने भोकाच्या जागी बोट टेकवून पाहिलं आणि ती उठून गेली.

सासरे परत आले ते काळा चष्मा लावून. त्या चष्म्यातून चकचकीत पॉलिश दिसणं शक्यच नव्हतं, त्यामुळे माझ्या सरप्राइजचा तिथेच निकाल लागला. ते चाचपडत खोलीत गेले, भिंतीकडे तोंड करून बसले, गिटार उराशी धरली, मान खाली घातली. दुसऱ्याच क्षणी थुंकल्याचा आवाज आला. मग ओकारीचा. आम्ही धावलो. सासऱ्यांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, शिंगावरच्या रबरावर ताजे दात उमटले होते, आणि इतक्या महिन्यांत एक शब्द न बोललेला तो माणूस घर हादरेल एवढ्याने ओरडला, "माझा कान कुणी बुजवला?"

"वेड लागलं," मी म्हणालो.

"औषध लावलंय ना तुम्ही तिथे?" बायको किंचाळली. "विष आहे का ते? अहो, बोला!"

मला आठवेना. डब्यावर उंदराचं चित्र होतं, एवढंच आठवत होतं. रिक्षात मी सगळ्या देवांना हाका मारल्या. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या.

"काय खाल्लं यांनी?"

"उंदराचं औषध," मी म्हणालो.

"किती?"

"खाल्लं नाही. चावले."

"औषध?"

"गिटार."

बाईंनी आधी सासऱ्यांकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "पेशंट नक्की कोण आहे?"

मी तोपर्यंत फोनवर डब्याचा फोटो शोधून काढला होता. तो पाहून त्या म्हणाल्या की हे नुसतं कडू असतं, विषारी नाही, चुळा भरायला लावा. बायको भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. सासरे चुळा भरता भरता सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते. "लाकूड दातात धरलं की तार ऐकू येते. डोक्याच्या हाडात वाजते. बाकी सगळं बंद झालंय माझं. एवढंच चालू होतं. तिथे रबर लावलं कुणीतरी."

"हाडातून जातो आवाज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरोबर आहे त्यांचं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ते रडत नव्हते. इतके दिवस दाराबाहेरून आम्ही ज्याला रडणं समजून दबक्या पावलांनी परत फिरत होतो, ते त्यांचं ऐकणं होतं.

घरी आल्यावर मी पटाशी घेऊन पट्टी काढायला बसलो. सासऱ्यांनी पटाशी माझ्या हातातून काढून घेतली आणि चष्म्याआडून, बोटांनी चाचपत, स्वतः काम सुरू केलं. रबर निघालं. पुट्टी मात्र एकटी निघेना, लाकडाचे टवके घेऊन निघाली, आणि सासऱ्यांच्या दातांनी केलेली जागा त्या टवक्यांबरोबरच गेली. त्यांनी उघडं लाकूड दातात धरलं, सगळ्यात जाड तार छेडली आणि थांबले. पुन्हा छेडली.

"येतंय का?" मी विचारलं. (बहिऱ्या माणसाला!)

"कमी," ते आपल्याशीच म्हणाले. "पहिल्यापेक्षा कमी येतंय."

ऐकणं जाणारच होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. बॉडी मी घासली होती. हा कमीपणा कानाचा की माझा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. लिहायला विनोदी घेतलं खरं, पण इथे मला हसू येत नाही.

तेवढ्यात बायको खाली बसली आणि तिने गिटारच्या दुसऱ्या टोकाला, बुडाशी, हनुवटी टेकवली. "बाबा," ती म्हणाली.

सासऱ्यांचा तारेवरचा हात थांबला.

"बाबा, मी बोलतेय."

"कळलं," ते दातांत लाकूड धरूनच म्हणाले. "ओरडू नकोस."

मग ती बोलतच राहिली. आईबद्दल, शेजारच्यांनी घर विकलं त्याबद्दल, त्या भोकाबद्दल, माझ्या उंदरांबद्दल. ते मान हलवत होते, आणि मान हलवली की गिटार हलायची आणि तिची हनुवटीही हलायची. तिच्या डोळ्यांतलं पाणी पॉलिशवर ओघळत होतं. (पॉलिशला काही झालं नाही, हे नमूद करतो.)

शेवटी मला राहवेना. तिला बाजूला सरकवून मी गुडघे टेकले, हनुवटी लाकडाला लावली आणि डोळे मिटून घेतले. "बाबा, मी बोलतोय. माझं चुकलं. फार मोठं चुकलं. हेतू वाईट नव्हता, पण झालं असं, की पुट्टी भरण्याआधी मी जर नीट विचार केला असता…" एकदा सुरुवात झाल्यावर मला शब्द सुचत गेले. इतकं मनापासून मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. पुट्टीचे प्रकार, त्यातला मी कोणता निवडला आणि का निवडला, इथपर्यंत आलो, तेव्हा बायकोने माझा खांदा हलवला.

"अहो, पुरे," ती म्हणाली. "तुम्ही 'बाबा' म्हणालात तेव्हाच त्यांनी लाकूड दातांतून सोडलंय."