नागोजीअण्णांचं पोट

नागोजीअण्णांना नवा कॉम्प्युटर दाखवायचा असेल तर आधी त्यांना जेवू घालावं लागायचं. उपाशीपोटी ते कॉम्प्युटरपुढे बसत नसत. भात, त्यावर सारू म्हणजे आपलं सार, पुन्हा भात, शेवटी ताक असं यथासांग झालं की हात धुऊन यायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि एखादा बंदुकीचा खेळ लावायला सांगायचे. खेळ सुरू झाला की एका कोपऱ्यात उभं राहून स्वतःभोवती गोल फिरायचे. समोरून राक्षस यायचा, यांना मारायचा. अण्णा मरायचे, पुन्हा जिवंत व्हायचे आणि पुन्हा फिरायला लागायचे. बंदुकीला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. मग उजवा हात पोटावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे.

"अडतंय. पोट नको म्हणतंय."

किंवा, फार क्वचित, "सरी. बसलं."

नागोजीराव जगताप हे ऑफिसात मला सीनियर. बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात आमचा चार टेबलांचा सॉफ्टवेअर विभाग होता, त्यातलं खिडकीजवळचं टेबल त्यांचं. वय पंचेचाळीसच्या पुढेमागे, लग्न केलेलं नाही, अंगात कायम पांढरा शर्ट. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं, ते तीनशे वर्षं राहूनच गेलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ आमच्या वाट्याला. भेटल्यावर नमस्कार नाही, "ऊट झालं?" असं विचारायचे. ऊट म्हणजे जेवण, आणि सरी म्हणजे ठीक. मी पुण्याचा. जेवलात का, हा प्रश्न आमच्याकडे जरा जपून विचारतात, त्यामुळे मला सवय व्हायला वेळ लागला.

काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटाचा. खेळांसाठीची वेगळी ग्राफिक्स कार्डं नुकतीच मिळायला लागली होती आणि आमच्यासारखी पोरं त्यांच्यावरून भांडायला लागली होती. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, भांडण साधं होतं. खेळाला पडद्यावर भिंत काढून हवी असते. काढणार असतं कार्ड. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. तसे तीन दुभाषे तेव्हा बाजारात होते: डायरेक्ट थ्रीडी, ओपन जीएल आणि ग्लाइड. कुणाचा दुभाषा लवकर सांगतो, कुणाचा नीट सांगतो, यावरून माणसं जेवणं सोडून वाद घालत. कार्डच नसलं तर कॉम्प्युटर सगळं एकटा काढत बसायचा आणि चित्र धापा टाकत पुढे सरकायचं.

माझा खोलीतला जोडीदार विन्या, नागपूरचा, हा आकड्यांवर जगणारा माणूस. सेकंदाला किती चित्रं पडतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा आणि विन्या खेळाऐवजी तोच बघत बसायचा. त्याच्या मते आकडा मोठा तो दुभाषा चांगला, विषय संपला. अण्णांना आकडा दिसत असूनही ते पोटाला विचारायचे. दोघांचं जमणं शक्य नव्हतं.

अण्णांच्या या पोटामुळे ऑफिसची थोडी पंचाईतही झाली होती. आमच्या साहेबांकडे सत्यनारायण होता. अण्णांनी पुळियोगरे हा चिंचेचा भात दोनदा घेतला, पुरणपोळीसारख्या होळिगे तीनदा घेतल्या, आणि साहेबांनी हौसेनं नवा कॉम्प्युटर दाखवल्यावर त्यापुढे बसून गोल फिरले. मग पोटावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, तुमच्याकडे ढवळतंय." साहेबांच्या बायकोचा चेहरा पडला. ती बिचारी आत जाऊन जिऱ्याचं पाणी घेऊन आली. अण्णा ते शांतपणे प्यायले आणि म्हणाले, "जेवण फर्स्टक्लास आहे अम्मा. कार्ड नको ते."

कंपनीच्या बसमध्ये अण्णा ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसत, मुठीत लिंबू घेऊन. होसूर रोड संपेपर्यंत एक शब्द नाही, नुसतं लिंबू हुंगणं. त्यांना गाडी लागायची. विन्या म्हणायचा, "ज्याला बस झेपत नाही तो खेळ तपासून राहिला." मलाही ते हास्यास्पदच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर विन्यानं एकदाचं मुंबईहून कार्ड मागवलं. तिन्ही दुभाष्यांना चालणारं. अण्णांना कळलं आणि ते रविवारी हेब्बाळला आमच्या खोलीवर हजर झाले. आम्ही खिचडी केली. ते जेवले, डायरेक्ट थ्रीडीवर फिरले, म्हणाले, "मध्येच गचका बसतो. नको." मी दुसरा लावायला गेलो तर हात धरला. "एका जेवणावर एकच. पोट एकदा बिघडलं की पुढच्याचा निकाल खरा धरता येत नाही." झालं. म्हणजे तीन दुभाषे, तीन रविवार, तीन वेळा खिचडी.

दुसऱ्या रविवारी ओपन जीएल. "रंग छान आहेत. पण वळताना मागे राहतंय." तिसऱ्या रविवारी ग्लाइड. त्या दिवशी ते बराच वेळ फिरत राहिले. आधी हळू, मग जोरात, मग उलट्या बाजूनं. हात पोटावर गेला तो तिथंच राहिला.

"सरी," ते म्हणाले. "बसलं." आणि लगेच, "विनायका, हे कार्ड एक रविवार आमच्या घरी आणता येईल काय?"

विन्याचा संयम संपला. "अण्णा, तुम्ही तर खेळतच नाही बाप्पा. तीन रविवार आमची खिचडी खाऊन राहिले. करायचं काय आहे तुम्हाला?"

अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग सांगितलं.

त्यांची थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेली, अक्कानंच यांना वाढवलं, आणि त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहिलं. शिवाजीनगरच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोघं राहायची. अक्काच्या कानात आत कुठंतरी बिघाड झाला होता. घराबाहेर पाऊल टाकलं की सगळा रस्ता गरगरायचा. कितीतरी वर्षं ती जिना उतरली नव्हती. त्याआधी रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकाला होंगेच्या म्हणजे करंजाच्या झाडाखाली फूलवाली बसते तिथपर्यंत जाऊन यायची.

खेळाबरोबर नवीन नकाशे बांधायचं एक साधन येतं. अण्णांनी ते घेऊन आपली गल्ली बांधली होती. जिना, शिंप्याचं दुकान, कॉफी दळायचं दुकान, झाड. राक्षस काढून टाकले, बंदूक काढून टाकली. दसऱ्याला अक्काला पुढे बसवलं. घरच्या कॉम्प्युटरला कार्ड नव्हतं, चित्र अडखळत चाललं आणि शिंप्याच्या दुकानापाशी अक्काला अशी चक्कर आली की दोन दिवस अंथरुणावरून उठली नाही.

"म्हणाली, नागू, तू एवढं केलंस म्हणून आणखी एकदा बघीन. एकदाच. त्यात चक्कर आली तर पुन्हा ते लावू नकोस. आता तिच्यावर तपासून बघता येत नाही. आमच्या घरात सगळ्यांनाच गाडी लागते, तिचं पोट आणि माझं पोट सारखंच. म्हणून आधी मी बघतो."

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडतो. मी उठून खिचडीची पातेली आपटत घासायला घेतली. विन्या कॉम्प्युटर उघडून कार्ड काढत होता.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. अक्का म्हणजे बारीक, ताठ, डोळ्यांत मिश्कील म्हातारी. कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. "ऊट आधी," म्हणाली. तिनं भिंतीला हात लावत लावत आम्हाला वाढलं. स्वतःही जेवली, कारण नागूनं सांगितलं होतं की परीक्षा पोटभर असतानाच खरी होते. अण्णांनी मात्र भात नुसता चिवडला.

विन्यानं कार्ड बसवलं. ग्लाइड लावलं. अक्कानं डाव्या हातानं टेबलाची कड घट्ट धरली आणि उजव्या हातानं बाणाचं बटण दाबलं. जिना उतरली. शिंप्याचं दुकान आलं. अण्णा मागे उभे, हात स्वतःच्या पोटावर. शिंपी मागे पडला. कॉफीचं दुकान आलं.

"आभाळाला पट्टे का रे?" अक्कानं विचारलं.

"ग्लाइडला रंग स्वल्प कमी येतात. तेवढं चालवून घे अक्का."

"घेते." ती पुढे निघाली. झाडाशी पोचली, थांबली, हळूच वळून आलेल्या रस्त्याकडे पाहिलं. टेबलाची कड धरलेला हात तिनं सोडला होता, तिच्या लक्षातही आलं नव्हतं. विन्यानं माझा दंड दाबला. कोपऱ्यातला आकडा त्यानं स्वतःच बंद करून ठेवला होता.

"चक्कर?" अण्णांनी विचारलं.

"नाही. नागू, पण माणसं कुठं गेली सगळी?"

अण्णांचा चेहरा उतरला. "माणसं घातली की कार्डाला जड जातं, अक्का. अडायला लागतं. म्हणून काढली."

"एकपण चालत नाही?"

अण्णांनी विन्याकडे बघितलं. विन्या म्हणाला, "एक चालेल. फूलवाली बसवून देऊ, अक्का."

अक्कानं रिकाम्या गल्लीकडे बराच वेळ पाहिलं. "फूलवाली नको. एकच चालत असेल तर नागू, तूच उभा राहा इथं. झाडाखाली."

"मी तर घरातच आहे की."

"रविवारी असतोस," अक्का म्हणाली. "इतर दिवशी बोम्मसंद्र्याला असतोस."

अण्णा आत जाऊन पाणी पिऊन आले.

कार्ड तिथंच राहिलं. विन्यानं परत मागितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "राहू दे ना बे," आणि पुढचं वर्षभर बिनकार्डाचा अडखळत खेळत राहिला. अण्णांनी खेळातला एक शिपाई घेतला, त्याचा शर्ट पांढरा केला, मिशी काढली आणि झाडाखाली उभा केला. लोकांच्या घरी कॉम्प्युटर बघायला जाणं त्यांनी बंद केलं.

मी बंगळूर सोडेपर्यंत एक गोष्ट रोज बघितली. दुपारचं जेवण आटोपून आम्ही जागेवर आलो की थोड्या वेळानं अण्णांच्या टेबलावरचा फोन वाजायचा. अण्णा एका हातानं तो उचलायचे, दुसरा आपसूक पोटावर जायचा. पलीकडचं बोलणं दोन शब्दांचंच असावं.

"झाडापाशी पोचलीस? सरी," अण्णा म्हणायचे. "मी आहे तिथंच. आता हळू परत जा. वळताना स्वल्प थांब."