भेगेचं भगदाड

भिंतीला भेग पडली की लगेच गवंड्याला हाक मारणाऱ्यांची मला कीव येते! घर जुनं असलं म्हणून काय झालं, घरमालक तर धडधाकट आहे ना? बायकोला मी ठणकावून सांगितलं, "संध्याकाळपर्यंत ही भेग शोधून सापडायची नाही!"

"अहो, भिंत तरी सापडेल ना?" ती म्हणाली आणि बाजारात गेली.

बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या वर, केसाएवढी भेग होती. शेजारचे निवृत्त साहेब आले. जन्मभर कचेरीत शिक्के मारले, पण बांधकामावर बोलताना वास्तुविशारदाचा आव! त्यांनी भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "पाया खचलाय!"

"कुणाचा पाय?" पलीकडच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या. त्यांना कमी ऐकू येतं; वाईट बातमी मात्र अर्धी का होईना, पोचतेच.

"पाय नाही हो, पाया! पाया!"

"अगंबाई, दोन्ही?"

त्यांनी तडक मुलाला फोन लावला. थोड्याच वेळात माझा मेव्हणा चाकाची खुर्ची ढकलत दारात हजर! मी धडपणे स्टुलावर उभा आहे हे पाहून तो चक्क हिरमुसला. मग स्वतःच त्या खुर्चीत बसला आणि हुकूम सोडू लागला.

"भाऊजी, भेग किती खोल आहे ते आधी बघा."

"रोगाच्या मुळाशी जायला हवं," साहेबांनी री ओढली.

मी छिन्नी लावली. परातीएवढा गिलावा सोफ्यावर! भेग आतही होतीच.

"आणखी खोल!" दोघं एका सुरात म्हणाले.

मी हातोडी हाणली. एक वीट हलली, दुसरी डुगडुगली आणि दोघी धडाड्‌दिशी पलीकडे गेल्या. धूळ खाली बसली तेव्हा भगदाडातून सासूबाईंचा पांढराफटक चेहरा माझ्याकडे बघत होता.

"जावईबापू, पाय कसे आहेत?"

साहेबांना एकाएकी घरचं काम आठवलं. मेव्हणा खुर्चीसकट पसार! बायको परतली, तिने भिंतीकडे बघितलं आणि थेट गवंड्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी गवंडी विटा घेऊन आला. सासूबाई आडव्या आल्या. "खबरदार! पलंगावर पडल्या पडल्या बाहेरच्या खोलीतला टीव्ही दिसतो मला आता!"

शेवटी गवंड्याने तिथे सुबक चौकट बसवली. बायकोने पडदाही लावलाय.

त्याची दोरी मात्र सासूबाईंच्या बाजूला आहे!