अध्यक्षांचे दुधाळ रक्त

जिलेबी थंड झाली की वातड होते.

माजलगावच्या धरणाच्या कोरड्या तळावर यंदा बोटी उलट्या पडल्या आहेत.

नळीतले रक्त थोडा वेळ उभे ठेवले की वर पिवळसर, पारदर्शक थर येतो. यायला हवा.

विमलबाईंच्या दोन गायींनी सोमवारी छपराचे गवत खाल्ले. छप्पर गोठ्याचेच होते.

सहकारी दूध संघाचे अध्यक्ष सुंदरराव यांना भूक लागत नाही, असे पत्रक निघाले आहे.

वरील सर्व बाबी एकाच प्रकरणातील आहेत. प्रकरण चारा छावणीचे.

छावणी मिळावी म्हणून सुंदरराव तालुक्याच्या कचेरीसमोर आमरण उपोषणास बसले होते. मंडप ऐसपैस होता. पुढे लोड, तक्के आणि माईक, मागे कनात. कनातीमागे काय आहे हे कोणी विचारत नसे, कारण सर्वांना माहीत होते. पहिल्या रांगेत विमलबाई बसत. छावणी झाली नाही तर येत्या बाजारी गायी विकायच्या, आणि या दुष्काळात गायी घेणारा कोण असतो, हे त्या जाणून होत्या.

उपोषणार्थीची रोज तपासणी करावी, असा नियम आहे. त्यानुसार सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर फरीदा यांनी रक्त घेतले आणि नळी स्टँडमध्ये ठेवली. थोड्या वेळाने वर पांढरा, दाट थर आला.

"हे काय?" डॉक्टर म्हणाल्या.

माईक बंकटच्या हातात होता. बंकट हा सुंदररावांचा उजवा हात. माईक दोन्ही हातांनी धरतो. "दूध संघाच्या अध्यक्षाचं रक्त हाय! पांढरंच असणार की!" तो गरजला. टाळ्या पडल्या.

नळी बीडला गेली. अहवाल आला: ट्रायग्लिसराइड अकराशे ऐंशी.

"दीडशेच्या आत असावं लागतं, साहेब," डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितले. "ही रक्तातली चरबी आहे. वर्षानुवर्षं वाढलेली राहिली तर हृदयाला धोका. आणि एवढी वाढली तर स्वादुपिंड कधीही सुजेल. खाणं ताबडतोब आवरा."

"मी उपोषणाला बसलोय, डॉक्टरीणबाई."

"मग ते कनातीमागचं आवरा. जिलेबी, तळलेलं मटण. आणि स्टीलच्या पेल्यातलं ते."

"ते लिंबूपाणी हाय."

"लिंबूपाण्यानं डोळे लाल होत नाहीत, साहेब."

"जिलेबीचा वास येतो तो जनतेचा हाय," बंकटने खुलासा केला. "तुमी असं लिवा की उपासानं वाढलं."

डॉक्टरांनी तसे लिहिले नाही. त्यांनी खरे तेवढेच लिहिले: 'रुग्ण उपाशी असल्याचे सांगतो. ट्रायग्लिसराइड ११८०.' सरकारी कागदावर पहिले वाक्य आणि दुसरे वाक्य शेजारी आले की त्यांचे लग्न लागते. इथेही लागले.

संध्याकाळी चौकात फलक झळकला: 'जनतेसाठी अकराशे ऐंशी!' दुसऱ्या गटाच्या नेत्याने पंधराशेचा निर्धार जाहीर केला आणि शेजारी मंडप टाकला. त्याची कनात मोठी होती.

मग वरच्या कचेरीतून आदेश आला. नायब तहसीलदारांनी तो उभे राहून वाचला. 'अन्नत्याग केल्याने शरीरातील मेद वाढतो, ही बाब शासकीय तपासणीत निष्पन्न झाली आहे. सबब जनावरांनाही चाऱ्याअभावी तोच लाभ होण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी छावणीची निकड दिसून येत नसून याबाबतचे पूर्वीचे सर्व आदेश रद्द समजावेत.'

विमलबाई उठल्या आणि थेट लोडापाशी गेल्या.

"साहेब, येक सांगता का? तुमी जेवलात म्हणून सांगा. येवढंच. मंग हा कागद खोटा पडतो."

"विमलबाई, काहीबी बोलू नगा."

"सगळ्यांला ठावं हाय, साहेब. जिलेबीला तूप माझ्याच घरून गेलतं."

"ठावं असणं येगळं, बोलणं येगळं," सुंदरराव म्हणाले. "माझ्या इभ्रतीचं काय?"

"आन् माझ्या गाईंचं वो?"

सुंदररावांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि ते पोट धरून आडवे झाले. पाठीपर्यंत कळ गेली. घाम फुटला. रुग्णवाहिकेत डॉक्टर फरीदा त्यांच्या कानाशी वाकल्या.

"आता इथं कोणी नाही. शेवटचं कधी जेवलात? काय जेवलात? मला औषध ठरवायचंय."

सुंदररावांनी चालकाकडे पाहिले. चालक त्यांच्याच गटाचा मतदार होता.

"मागच्या शनवारी," ते म्हणाले. "भाकरी."

ते वाचले. दवाखान्यात त्यांना मरेपर्यंत उपाशी राहणारा पहिला अध्यक्ष म्हणून शाल देण्यात आली. सोबत पेढे होते. विमलबाई त्या दिवशी आल्या नाहीत. बाजार होता. जाताना दोन गायी होत्या, येताना हातात नुसती दावी.

वाचक हसले असतील. तपासणीला रक्त द्यायचे म्हणून आठवडाभर गोड सोडणारे, आणि सुई निघताच दवाखान्यासमोरच्या हॉटेलात वडे मागवणारे सगळे हसले असतील. डॉक्टरांनी विचारले होते, "रोज चालता ना?" आपण म्हणालो होतो, "हो तर."

चारा छावणी उपोषणाच्या आदल्या दिवशीच मंजूर झाली होती. सुंदररावांना तसा फोन आला होता.