लाकूड वाजवणारे खांबेटेकाका

खांबेटेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दार वाजवतात, आणि दार उघडल्यावरही वाजवतच राहतात. चौकट, जिन्याचा कठडा, जेवणाचं टेबल. मधलं बोट वाकवून दोनदा टकटक, मान तिरकी, डोळे मिटलेले. मग निकाल. "ठणठणीत," नाहीतर "आतून गेलंय." एकदा सत्यनारायणाला त्यांनी पूजेचा चौरंगच नापास केला. घरच्या काकू आरती संपेपर्यंत तोंड फिरवून उभ्या होत्या.

काकांचा उभा जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेला. हातोडी मारून, आवाजावरून पत्र्याचं दुखणं ओळखायचं. आता अमेरिकेत लेकीकडे एडिसनला राहतात आणि दर शनिवारी दोन तासांवरच्या बंदरात जातात. तिथे एक जुनी लाकडी युद्धनौका म्युझियम करून ठेवली आहे. काका तिथले व्हॉलंटियर. पगार नाही, टोपी मात्र मिळाली आहे.

या नौकेला शिडं आहेत आणि वाफेचं इंजिनही आहे. "दोन जमान्यांच्या मधली आहे ती," काका सांगतात. "वाऱ्याचा भरवसा नाही, इंजिनाचा त्याहून नाही." वारा चांगला असला की धुराडं दुर्बिणीसारखं आत सरकवायचे आणि नौकेला पुढे ढकलणारा पाण्यातला अवजड पंखा खलाशी दोर ओढून वर उचलून घ्यायचे. का? "फिरत नसलेला पंखा पाणी अडवतो. काम नसलं की कामाची वस्तूसुद्धा ओझं होते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान वीसदा ऐकलं असेल.

आता माझं गाऱ्हाणं. एडिसनशेजारीच, आयसेलिनला माझं फर्निचरचं दुकान आहे. मी वखारीत ओंडके उचलत वर आलो. लाकडातलं मला कुणी शिकवू नये. मागच्या वसंतात एक डॉक्टरीणबाई जुन्या सागवानाचं मोठं टेबल घेत होत्या. दीड तास घासाघीस झाली, सौदा जमला, कार्ड पर्समधून बाहेर आलं. तेवढ्यात काका दुकानात शिरले. टकटक.

"आतून गेलंय."

कार्ड परत पर्समध्ये. बाई दाराबाहेर. माझं डोकं फिरलं. काकांच्या समोर जाऊन ओरडलो, "तुमचं वय बघून गप्प बसतोय!"

"गप्प कुठे बसलायस?" काका म्हणाले.

त्या रात्री मी त्या टेबलाला खालून भोक पाडलं. आत लाकूड सोन्यासारखं निघालं. फोटो काढून त्यांच्या नाकासमोर धरला. काकांनी फोन हातात घेऊन पाहिलं आणि ते म्हणाले, "असेल." बस. 'चुकलो' नाही, 'सॉरी' नाही. हा काटा मी वर्षभर बाळगला.

मग या वसंतात त्यांच्या लेकीचा, केतकीचा, फोन आला. "दादा, बाबांनी अचानक ड्राइव्ह करणं बंद केलंय. कारण सांगत नाहीत. शनिवारी सोडाल का?" मी हो म्हटलं ते दयेपोटी नव्हे. नौकेच्या फळ्या बदलणार आहेत असं कानावर आलं होतं, आणि माझं सागवान पडून होतं. वाटेत मी बोलत होतो, काका काचेबाहेर बघत "हं" म्हणत होते. म्हटलं, केवढा हा ताठा! पोचल्यावर कळलं की नौका ओकच्या लाकडाची आहे, सागवान कुणालाच नको. दिवस फुकट गेला म्हणून चरफडत मी काकांच्या मागे तळघरासारख्या त्या खालच्या भागात उतरलो.

तिथे काकांचं खरं काम चालायचं. हातात लाकडी मोगरी. नौकेच्या लाकडी सांगाड्याची एकेक फासळी ठोकत जायचं, कुजकी असेल तिच्यावर खडूने फुली मारायची. फुली पडली की मुख्य सुतार टॉम ती बदलणार. काकांनी एक फासळी ठोकली. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला.

"ठणठणीत," काका म्हणाले.

"काका, परत ठोका."

ते पुढच्या फासळीकडे गेले. मी मोठ्याने हाक मारली. मग जवळजवळ ओरडलो. तीन हातांवरचा माणूस वळला नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय रे?"

तेवढ्यात टॉम खाली उतरला. "ही कशी आहे?" त्याने त्याच फासळीकडे बोट दाखवलं. वर्षभराचा हिशेब चुकवायची संधी आयती चालून आली होती. मी खडू उचलला, फुली मारली आणि म्हणालो, "कुजली आहे. यांनीच आत्ता दाखवली."

टॉमने मान डोलावली, तो निघाला. काकांनी फुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"टॉम!" त्यांनी मोगरी त्याच्या हातात दिली. "मला ऐकू येत नाही. गेल्या वर्षभरात मी तपासलेलं सगळं पुन्हा तपासा."

टॉमने मोगरी काखेत धरली. मग म्हणाला, "पुढच्या शनिवारी वरच्या डेकवर या. लोकांना नौकेचा इतिहास सांगायला माणूस हवाय."

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली नाही. काकांकडे तोंड करून विचारलं, "मी झाकलं होतं ना? कशाला सांगितलंत?"

"पोरंबाळं चढतात रे तिच्यावर."

"आणि कानाचं मशीन?"

"आहे. ते लावलं की सगळी लाकडं सारखीच वाजतात. तुझं टेबल चांगलं होतं. फोटोतच दिसलं. पण कबूल केलं असतं तर माझा शनिवार गेला असता."

"घरी सांगायचं तरी."

"घरी नातवंडं एकदा सांगतात, दोनदा सांगतात. तिसऱ्यांदा, 'नेव्हर माइंड, आजोबा.' तेवढं मला ओठांवरून बरोबर कळतं. लाकूड नेव्हर माइंड म्हणत नाही."

मी गाडी सुरू केली. हायवेवर मी काहीतरी बोललो, ते "हं" म्हणाले, आणि तो ताठा नव्हता हे मला तेव्हा समजलं. गाडी चालवणाऱ्याचे ओठ शेजारच्याला दिसत नाहीत.

आता दर शनिवारी मीच त्यांना नेतो. हायवे मी घेत नाही. गावांमधून जाणारा लांबचा रस्ता घेतो, त्यावर सिग्नल पुष्कळ आहेत. लाल दिवा लागला की मी त्यांच्याकडे वळून बोलतो, ते उत्तर देतात. हिरवा झाला की वाक्य तिथेच ठेवून पुढच्या सिग्नलला पुरं करतो. पिवळा दिसला की गाडी दामटायची माझी जन्माची सवय. हल्ली मी ब्रेक दाबतो. मागचे हॉर्न वाजवतात.